असत्याची लक्षणे आणि साक्षीदाराची भाषा : मिताक्षरेपासून न्यायसहायक प्रयोगशाळेपर्यंत

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अमलात आली. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेस पात्र असलेल्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने गुन्ह्याच्या स्थळी प्रत्यक्ष जाऊन पुरावा गोळा करावा अशी तरतूद या संहितेत आहे, आणि ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. या एका तरतुदीमुळे न्यायसहायक विज्ञानाच्या प्रशिक्षणाची गरज एकाएकी वाढली. रक्त, विष, बोटांचे ठसे, हस्ताक्षर यांच्या परीक्षेचे प्रशिक्षण कसे असावे याविषयी मोठा मतभेद नाही. मतभेद आहे तो या विद्येच्या एका विशिष्ट शाखेविषयी. ती शाखा म्हणजे समोरचा मनुष्य खोटे बोलत आहे हे त्याच्या मुद्रेवरून, स्वरावरून, नाडीवरून वा मेंदूतील विद्युत्तरंगांवरून ओळखण्याची. अशी विद्या आहे काय, आणि असल्यास ती शिकविता येते काय, हा प्रश्न आधुनिक मानसशास्त्राने प्रथम उपस्थित केला असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः दख्खनच्या पठारावर तो सुमारे नऊशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्यास दिलेले उत्तर आजही विचारात घ्यावे असे आहे.

प्रस्तुत विवेचनात परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव दृष्टान्तादाखल समोर ठेवले आहे. वालूर हे तेथील सर्पिल पायऱ्यांच्या दगडी बारवेमुळे स्थापत्याच्या अभ्यासकांस परिचित आहे. परंतु येथे त्याचे प्रयोजन निराळे आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील हा टापू कल्याणीच्या चालुक्यांच्या, त्यानंतर देवगिरीच्या यादवांच्या सत्तेखाली होता. पुढे मुसलमानी राजवटींतून तो आसफजाही निजामाकडे गेला, १९४८ साली भारतीय संघराज्यात आला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला. सत्ता बदलल्या तशी न्यायाची भाषा बदलली आणि साक्षीदाराची परीक्षा करणारा अधिकारीही बदलला. साक्षीदार मात्र पुष्कळदा तोच राहिला : मराठी बोलणारा, न्यायाच्या भाषेशी अपरिचित, आणि अधिकाऱ्यासमोर उभे राहताच घाम फुटणारा शेतकरी. लक्षणांवरून असत्य ओळखण्याच्या विद्येचा इतिहास अशा माणसाच्या जागेवरून पाहिला असता बराच वेगळा दिसतो.

विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका कल्याणी येथे, सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात रचली. विक्रमादित्याची कारकीर्द १०७६ ते ११२६ अशी आहे. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. पुढे इंग्रजी न्यायालयांनी हिंदूंच्या दायभागविषयक कज्ज्यांत या ग्रंथास प्रमाण मानल्यामुळे त्याची ख्याती वारसाहक्कापुरती मर्यादित झाली. त्याच्या व्यवहाराध्यायातील साक्षपरीक्षेचा भाग त्या मानाने उपेक्षित राहिला.

मूळ स्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात, तेराव्या ते पंधराव्या श्लोकांत, दुष्ट वादीची वा साक्षीदाराची लक्षणे सांगितली आहेत. तो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांचे कोपरे जिभेने चाटतो, त्याच्या कपाळावर घाम येतो, तोंडाचा रंग पालटतो. त्याचे तोंड कोरडे पडते आणि वाणी अडखळते. तो पुष्कळ बोलतो व परस्परविरुद्ध बोलतो. दुसऱ्याच्या बोलण्यास वा नजरेस नीट प्रतिसाद देत नाही. ओठ वाकडे करतो. मन, वाणी, शरीर आणि कृती या चहूंच्या बाबतीत जो आपल्या स्वभावापासून विकृतीस जातो, तो अभियोगात वा साक्षीत दुष्ट समजावा, असा या श्लोकांचा आशय आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही स्वर, वर्ण, इंगित, आकार, दृष्टी आणि चेष्टा या बाह्य चिन्हांवरून अंतःकरण जाणावे असे म्हटले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजास विष घालणाऱ्याची लक्षणे आहेत आणि तीही याच जातीची : कोरडे व काळवंडलेले तोंड, वाणीचा अडथळा, घाम, जांभई, कंप, अडखळणे, इकडेतिकडे पाहणे.

या यादीचे आधुनिक शरीरशास्त्राशी असलेले साम्य पाहून पुष्कळांस अभिमान वाटतो, आणि तो समजण्यासारखा आहे. घाम, कोरडे तोंड, पालटलेला वर्ण ही स्वायत्त मज्जासंस्थेच्या क्षोभाची चिन्हे होत, आणि पॉलिग्राफ यंत्र मोजते तेही श्वसन, रक्तदाब, नाडी व त्वचेची विद्युत्संवाहकता हेच. तांदूळ चावून पानावर थुंकावयास लावण्याच्या तंडुलदिव्याचे स्पष्टीकरणही भयाने लाळ आटते या अनुभवावरून देण्यात येते. परंतु केवळ यादीवर थांबणे म्हणजे ग्रंथ अर्धाच वाचणे होय. यादीतील खरा शास्त्रीय शब्द ‘स्वभाव’ हा आहे. घाम येणे हे स्वतः लक्षण नव्हे. त्या माणसाच्या स्वभावाहून वेगळे वर्तन हे लक्षण. म्हणजे परीक्षकास त्या माणसाचा स्वभाव आधी ठाऊक असावयास हवा.

विज्ञानेश्वराने येथेच टीकाकाराचे काम केले आहे. ही लक्षणे दोषाची केवळ संभावना दाखवितात, दोषाचा निश्चय करीत नाहीत, असे तो स्पष्ट बजावतो. आणि कारण देतो की स्वाभाविक विकार कोणता व निमित्ताने उत्पन्न झालेला विकार कोणता हा विवेक दुर्ज्ञेय आहे. मग तो स्वतःच एक आक्षेप कल्पितो. एखादा अतिशय निपुण परीक्षक असा विवेक करू शकला तर? तरीही, टीकाकार म्हणतो, त्यावरून पराजयाची कारवाई करता येणार नाही. मरणाची लक्षणे दिसू लागलेल्या माणसाचे उत्तरकार्य कोणी तो जिवंत असतानाच उरकून घेत नाही. तसेच हा हरणार असे चिन्हांवरून कळले तरी तो हरला असे धरून चालता येत नाही.

या युक्तिवादाचे दोन टप्पे वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला टप्पा ज्ञानाविषयी आहे : चिन्हांवरून निश्चित कळत नाही. दुसरा टप्पा न्यायाविषयी आहे : कळले तरी ते कळणे म्हणजे पुरावा नव्हे. आधुनिक वाद बहुतेक पहिल्या टप्प्यावरच घुटमळतो. यंत्राची अचूकता किती टक्के, हाच प्रश्न वारंवार विचारला जातो, जणू टक्केवारी पुरेशी वाढली की प्रश्न मिटेल. विज्ञानेश्वराने ती वाट आधीच बंद केली आहे. निपुणतेची शक्यता मान्य करूनही त्याने निर्णयाचा अधिकार तिला दिलेला नाही.

असा इशारा देणारा तो एकटाच नव्हे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातही विष देणाऱ्याची लक्षणे सविस्तर दिली आहेत. आणि ती संपताच ग्रंथकार सांगतो की राजाच्या भयाने किंवा त्याच्या आज्ञेच्या घाईने कित्येक सज्जनही दुर्जनांसारख्या चेष्टा करतात, म्हणून सेवकांची परीक्षा काळजीपूर्वक करावी. भीती ही अपराधाची नसून अधिकाराचीही असू शकते, हे वैद्याला कळले होते. अर्थशास्त्रातील यादी त्या मानाने कोरडी आहे. राजाचा जीव वाचविणे हे तिचे प्रयोजन आहे, आणि तेथे एका निरपराध्यास पकडले जाण्याची किंमत ग्रंथकाराच्या हिशेबात फारशी नसावी.

विज्ञानेश्वराचा ग्रंथ गावोगाव वाचला जात होता असे समजण्याचे कारण नाही. तथापि वालूरसारख्या गावी न्याय ज्या रीतीने होत असे, तीत त्याच्या इशाऱ्याशी जुळणारे काही आहे. दख्खनमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत वतनाचा वा सीमेचा तंटा गोतसभेपुढे येई. मराठी अंमल आणि निजामी अंमल यांच्यामधील सीमा राजकीय होती. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बारा बलुते आणि त्यांचे गोत ही रचना दोन्ही बाजूंस बहुतांशी सारखीच होती. मराठी अंमलातील न्यायपद्धतीचा विस्तृत अभ्यास वि. त्र्यं. गुणे यांनी केला असून तो डेक्कन कॉलेजने १९५३ साली प्रसिद्ध केला. त्या काळच्या कागदपत्रांवरून दिसणारा क्रम लक्षणीय आहे. निवाडा मान्य करण्याविषयी वादी-प्रतिवादींकडून आधी लेखी कबुली घेत, मग प्रत्येकाची ‘तकरीर’, म्हणजे लेखी कैफियत, मग तीतील विधानांवर ‘पुरसीस’, म्हणजे विचारपूस व तिची उत्तरे, मग साक्षी आणि जुने कागद, अखेरीस महजर. हरलेल्याने ‘यजितखत’ लिहून द्यावयाचे असे. या सर्व क्रमात मुद्रा निरखण्यास स्वतंत्र स्थान नाही. बोललेले लिहून काढणे, लिहिलेल्यावर प्रश्न करणे आणि उत्तरे एकमेकांशी व कागदांशी ताडून पाहणे, हीच मुख्य परीक्षा.

शिवाय परीक्षक आणि परीक्षित यांचे नाते ध्यानात घेतले पाहिजे. गोतात बसलेल्या वडीलधाऱ्यांनी साक्षीदारास लहानपणापासून पाहिलेले असे. तो मुळातच अडखळत बोलणारा आहे की आजच अडखळत आहे, हे त्यांना सांगावे लागत नसे. याज्ञवल्क्याने जो ‘स्वभाव’ गृहीत धरला तो येथे खरोखरच ठाऊक होता. अर्थात याच ओळखीतून पक्षपात, वैर आणि जातीचा वरचष्मा हेही येत. म्हणूनच तंटा दुसऱ्या स्थळी चालवावा अशी मागणी पक्षकार करीत. गावन्यायाचे गुणगान करण्याचा मोह येथे आवरला पाहिजे.

पुरावा अपुरा पडला की दिव्याची पाळी येई. रवादिव्यात तापलेल्या तेल-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा. तत्पूर्वी हात धुऊन, नखे काढून, हातावरील जुने वण टिपून ठेवीत. नंतर हात पिशवीत घालून वर मोहोर करीत आणि तिसऱ्या दिवशी ती सर्वांसमक्ष उघडून पाहत. नवी जखम नसेल तर तो ‘खरा’, असेल तर ‘खोटा’. आधीच्या वणांची नोंद आणि मोहोरबंद पिशवी यांत आजच्या प्रयोगशाळेतील नमुना-जतनाच्या शिस्तीची आठवण व्हावी इतकी काटेकोर काळजी दिसते. शिस्त चोख आणि गृहीत चुकीचे असा हा प्रकार होय, आणि तो केवळ प्राचीनांपुरता मर्यादित नाही.

येथे शब्दार्थाकडेही लक्ष वेधणे अवश्य आहे. जुन्या मराठी कागदांतील ‘खरा जाहला’, ‘खोटा जाहला’ हे प्रयोग आजच्या अर्थाने वाचणे सदोष ठरेल. ‘खोटा जाहला’ म्हणजे ‘तो खोटे बोलला’ असे नव्हे. त्याचा दावा टिकला नाही, एवढाच त्याचा निश्चित अर्थ. नाणे पारखून खरे किंवा खोटे ठरते, तसा पक्ष ठरे. ‘होणे’ हे क्रियापद तेथे निर्णायक आहे : खरेपणा वा खोटेपणा हा मनातील गुण म्हणून नव्हे, तर प्रक्रियेचे फळ म्हणून सांगितला आहे. ‘खोटारडा’ या शब्दात मात्र दोष व्यक्तीच्या स्वभावास चिकटतो. न्यायाच्या भाषेतून पहिला अर्थ मागे पडत जाऊन दुसरा पुढे येत गेला, आणि या सरकण्यातच आधुनिक असत्यशोधनाचे बीज आहे असे म्हणावयास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात हैदराबाद संस्थानात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि न्यायालयांचे काम उर्दूत चालू लागले. वालूरच्या साक्षीदाराने मराठीत सांगावे आणि ते उर्दूत उतरावे, ही अवस्था १९४८ पर्यंत होती. या भाषांतरात काय गळत असेल याची कल्पना मराठीच्या रचनेवरून करता येते. ‘तो रात्री शेतावर गेला’, ‘तो रात्री शेतावर गेला म्हणे’ आणि ‘तो रात्री शेतावर गेला असावा’ ही तीन विधाने तीन वेगळ्या प्रमाणांवर उभी आहेत : पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानलेले. ‘म्हणे’ हा छोटासा शब्द वक्त्याची जबाबदारी काढून घेतो. दुसऱ्या भाषेत उतरविताना तो बहुधा गळतो, कारण लेखनिकास तो लकब वाटतो. मग ऐकीव गोष्ट कागदावर प्रत्यक्ष पाहिलेली होते. आणि पुढे उलटतपासणीत साक्षीदाराने ‘मी पाहिले नव्हते’ असे प्रांजळपणे सांगितले की ते पूर्वीच्या जबानीशी विसंगत ठरते. याज्ञवल्क्याच्या यादीतील ‘परस्परविरुद्ध बोलणे’ हे लक्षण अशा रीतीने लेखनिकाच्या लेखणीतूनच उत्पन्न होऊ शकते.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२ चा पुराव्याचा कायदा आला. हैदराबादेत तो भाग-ब राज्यांविषयीच्या १९५१ च्या कायद्याने लागू झाला. या कायद्याने उलटतपासणीस मध्यवर्ती स्थान दिले. त्याबरोबरच फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायाधीशास साक्षीदाराच्या आविर्भावाविषयी महत्त्वाची वाटेल ती टीप नोंदविण्यास सांगितले. १८९८ च्या संहितेतील हे कलम १९७३ च्या संहितेत २८० वे म्हणून आले आणि २०२३ च्या संहितेतही ते टिकून आहे. म्हणजे मुद्रापरीक्षेचा जुना धागा कायद्याने कधीच पुरता तोडला नाही. फरक एवढाच की टीप लिहिणाऱ्यास आता साक्षीदाराचा स्वभाव मुळीच ठाऊक नसतो.

यंत्राचे युग अमेरिकेत सुरू झाले. बर्कली येथील पोलीस खात्यात जॉन लार्सन याने १९२१ साली रक्तदाब व श्वसन यांची सलग नोंद करणारे यंत्र वापरले. विल्यम मार्स्टन याच्या रक्तदाब-चाचणीचा निष्कर्ष पुराव्यात घेण्यास वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९२३ साली नकार दिला. पुढे यंत्र फोफावले, आणि त्याच्या जोडीला यंत्राविना केवळ वर्तनावरून असत्य ओळखण्याचे वर्ग पोलिसांसाठी निघाले. जॉन रीड आणि फ्रेड इनबॉ यांच्या पद्धतीने तर चौकशीची एक परंपराच निर्माण केली. नजर टाळणे, बसण्याची ढब बदलणे, हात चेहऱ्याकडे नेणे अशी जी लक्षणे त्या परंपरेत शिकविली गेली, त्यांत आणि स्मृतीच्या यादीत जातीचा भेद नाही. भेद आहे तो टीकेचा; यादीखाली विज्ञानेश्वराने लिहिले तसे काही प्रशिक्षणार्थ्यांस ठळकपणे सांगितले गेले नाही.

महाराष्ट्रात मुंबईच्या कलिना भागातील राज्य न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पॉलिग्राफ, नार्को-विश्लेषण आणि मेंदूतील विद्युत्तरंगांची चाचणी या तिन्हींची सोय झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली, मुद्रांक घोटाळ्याच्या तपासातून उद्भवलेल्या प्रकरणात, अशा चाचण्यांस घटनात्मक अडसर नाही असे मत दिले. त्यानंतर २००८ च्या जून महिन्यात पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात दोघा आरोपींस जन्मठेप दिली. त्या निकालपत्रात मेंदूच्या चाचणीच्या निष्कर्षांचा सविस्तर विचार होता. चाचणीचे तत्त्व असे : आरोपी मौन बसतो, त्यास घटनेविषयीची प्रथमपुरुषी विधाने ऐकविली जातात, आणि मेंदूतील तरंगांवरून ती घटना त्यास अनुभवाने ठाऊक आहे की केवळ ऐकून, हे यंत्र सांगते असा दावा. या निकालाची जगभर चर्चा झाली. त्याच वर्षी बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धती शास्त्रीय आधाराविना असून न्यायालयात पुरावा म्हणून वापरू नये असे मत दिले. पुढे उच्च न्यायालयाकडून आरोपींना जामीन मिळाला.

भाषाभ्यासकाचा या चाचणीस असलेला आक्षेप शरीरशास्त्रज्ञाच्या आक्षेपाहून वेगळा आहे. आरोपीस ऐकविलेले विधान तपास अधिकाऱ्याने रचलेले असते, त्याच्या शब्दांत, त्याच्या बोलीत. ज्या आरोपीने तेच कथानक कोठडीत अनेक वेळा ऐकले आहे, त्याच्या मेंदूला ते परिचित असणारच. ‘मी केले’ आणि ‘मी केले असे मला वारंवार सांगण्यात आले’ यांतील भेद मराठी व्याकरण एका उपवाक्याने दाखविते. तरंगांच्या आलेखास तो भेद दाखविता येतो हे सिद्ध झालेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात निर्णय दिला. संमतीवाचून केलेल्या या तिन्ही चाचण्या घटनेच्या अनुच्छेद २०(३) व २१ यांचा भंग करतात. आणि संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही जसाच्या तसा पुरावा होत नाही, मात्र तिच्या साहाय्याने पुढे काही वस्तू वा माहिती हाती लागली तर ती विचारात घेता येईल, असे त्या निर्णयाचे सार आहे. चिन्ह हे शोधास वाट दाखवू शकते, परंतु निकालाचा पाया होऊ शकत नाही, हा मिताक्षरेतील दुसरा टप्पाच येथे वेगळ्या मार्गाने पुन्हा गाठला गेला.

राहिला पहिला टप्पा, म्हणजे निपुणतेचा. त्यावर गेल्या काही दशकांत विपुल प्रायोगिक संशोधन झाले. पॉल एकमन आणि मॉरीन ओसलिव्हन यांनी १९९१ साली पोलीस, न्यायाधीश, मनोविकारतज्ज्ञ, पॉलिग्राफ-तज्ज्ञ इत्यादी ५०९ जणांची परीक्षा घेतली. अमेरिकी गुप्त सेवेच्या लोकांखेरीज कोणताही गट निव्वळ योगायोगाच्या प्रमाणाहून वर चढला नाही. चार्ल्स बाँड व बेला डिपॉलो यांनी २००६ साली सुमारे चोवीस हजार परीक्षकांचे निर्णय एकत्र करून पाहिले तेव्हा यशाचे सरासरी प्रमाण शेकडा ५४ निघाले. नाणे उडविले तरी ५० मिळतात. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय पाहणीत ५८ देशांतील लोकांनी खोट्याचे लक्षण म्हणून सर्वाधिक वेळा ‘नजर टाळणे’ हेच सांगितले, आणि प्रयोगांत नेमके तेच लक्षण निरुपयोगी ठरत आले आहे. मराठवाड्यात थोरांसमोर नजर खाली ठेवणे ही रीत आहे हे येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

याहून गंभीर निष्कर्ष खास प्रशिक्षणाविषयीचा आहे. सॉल कॅसिन व क्रिस्टिना फाँग यांनी १९९९ साली विद्यार्थ्यांच्या एका गटास रीडपद्धतीची वर्तनलक्षणे शिकविली आणि दुसऱ्यास काहीच शिकविले नाही. शिकलेल्यांचे निर्णय न शिकलेल्यांहून अधिक चुकले. तथापि त्यांचा स्वतःच्या निर्णयांवरील विश्वास वाढला होता, आणि त्यांना कारणेही अधिक सांगता येत होती. म्हणजे प्रशिक्षणाने ज्ञान दिले नाही, शब्दसंपत्ती दिली. संशय आता पारिभाषिक संज्ञांत मांडता येऊ लागला. अशा प्रशिक्षित परीक्षकापुढे कोण येतो, हा प्रश्न मग अपरिहार्य होतो. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि ज्यांची त्या शिक्क्यातून कायदेशीर सुटका १९५२ साली झाली, त्यांपैकी पारध्यांची मातृभाषा मराठी नाही. ती गुजरातीशी जवळची आहे. परक्या भाषेत, अधिकाऱ्यासमोर, पूर्वग्रहाच्या छायेत बोलणारा मनुष्य शब्द शोधत थांबतो. यादीप्रमाणे ते थांबणे म्हणजे वाणीचे स्खलन!

सर्व प्रशिक्षण व्यर्थ आहे असा याचा अर्थ मुळीच नव्हे. मारिया हार्टविग व तिच्या सहकाऱ्यांनी २००६ साली स्वीडनमधील ८२ पोलीस-प्रशिक्षणार्थींवर केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांतील अर्ध्या लोकांना मुद्रा वाचावयास न शिकविता प्रश्न विचारण्याचा क्रम शिकविला : हाती असलेला पुरावा आरंभी उघड करावयाचा नाही, आधी त्या माणसास मोकळेपणी सारी हकीकत सांगू द्यावयाची, मग पुराव्याशी संबंधित प्रश्न करावयाचे, पुरावा अखेरीस दाखवावयाचा. शिकलेल्यांचे निर्णय शेकडा ८५.४ बरोबर आले, न शिकलेल्यांचे ५६.१. जर्मनीत १९५४ पासून बालसाक्षीदारांच्या बाबतीत न्यायालये मानसशास्त्रज्ञांची मदत घेत आली असून तेथेही वक्त्याची नव्हे, विधानाची परीक्षा केली जाते : तपशील किती, प्रसंगाशी कितपत गुंतलेला, पुन्हा सांगताना काय टिकते. तकरीर, पुरसीस आणि ताडून पाहणे हा गोतसभेचा क्रम यापासून फार दूर नाही. वर्तनाकडून विधानाकडे वळलेले प्रशिक्षण काही प्रमाणात फळते, असेच यावरून दिसते. आणि विधानाची परीक्षा करावयाची तर विधान ज्या भाषेत केले गेले ती भाषा परीक्षकास आली पाहिजे.

मराठी प्रदेशातील न्यायसहायक अभ्यासक्रमात भाषेचा विचार याच कारणासाठी यावयास हवा. एक साधे उदाहरण पुरे आहे. पॉलिग्राफच्या चाचणीत उत्तरे केवळ ‘हो’ वा ‘नाही’ अशी घ्यावयाची असतात. ‘तू त्या दिवशी वालूरला गेला नव्हतास ना?’ या प्रश्नास मराठी मनुष्य ‘हो’ म्हणतो तेव्हा ‘हो, नव्हतो गेलो’ असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि ‘नाही’ म्हणतो तेव्हाही ‘नाही, नव्हतो गेलो’ असाच असू शकतो. इंग्रजीत आखलेल्या प्रश्नावलीचे भाषांतर करणाऱ्यास ही अडचण ध्यानात न आल्यास आलेख कितीही स्वच्छ उमटला तरी तो कोणत्या उत्तराचा आहे हेच ठरणार नाही. प्रश्न होकारार्थी असावा, एका प्रश्नात एकच क्रिया असावी, ‘म्हणे’, ‘असेल’, ‘असावे’ हे प्रयोग जबानीत जसेच्या तसे उतरावेत, ‘गेल्ता’, ‘व्हता’, ‘न्हाई’ अशी बोलीरूपे लेखनिकाने सुधारून लिहू नयेत, आणि साक्षीदार अधिकाऱ्यासमोर बोली सोडून प्रमाणभाषेकडे वळताना जे अडखळतो ते वेगळे नोंदवावे, इतके नियम तरी प्रशिक्षणार्थ्यास अभ्यासाने शिकविता येतील. जबानी ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा कायद्यात आहे. तिचा वापर झाल्यास साक्षीदाराचे मूळ शब्द, मूळ स्वरात, लेखनिकाच्या हातून न जाता अभ्यासासाठी उपलब्ध होतील. मात्र अशा मुद्रणाचे लिप्यंतर कोणत्या पद्धतीने करावयाचे, हे काम भाषाशास्त्राच्या विभागांकडे अद्याप मागितले जावयाचे आहे.